मागच्या सात रात्री

ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं ताई.

बेघरांच्या निवाऱ्यात आयांच्या मुलाखती घ्यायला मी आले, तेव्हा माझ्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न होता : राहायला घर आहे का? समोरची बाई पटकन ‘आहे’ म्हणाली. मी खूण करून पुढे सरकले. तुम्ही चादरींच्या घड्या घालत होतात. हातातलं काम न थांबवता म्हणालात, “असं विचारलंस तर कुठलीच आई नाही म्हणायची नाही. पोरं काढून नेतील ही भीती असते गं. मागच्या सात रात्री कुठे काढल्या, ते विचार.”

मी विचारलं. ती बोटांवर मोजू लागली. दोन रात्री बहिणीकडे. मेहुणा कुरकुरला म्हणून एक मैत्रिणीकडे. एक दवाखान्याच्या बाकावर. तीन इथे. शेजारी तिचा सहा वर्षांचा मुलगा दप्तर उशाला घेऊन झोपला होता, पायात बूट तसेच. मी ते काढायला वाकले, तर तिने माझा हात धरला. “राहू द्या. रात्री उठवलं तर अंधारात सापडत नाहीत.”

रस्त्यावर फिरून केलेल्या मोजणीत अशा आया निसटतात, कारण लेकरं घेऊन उघड्यावर झोपणं त्या होता होईल तो टाळतात. हे मी वाचलं होतं. तरी माझ्या प्रश्नात ते उतरलं नव्हतं, याची मला आजही लाज वाटते.

मारहाणीचं पहिल्या भेटीत विचारायचं नाही, हेही तुमचंच. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या वूस्टर शहरात २२० बेघर आणि २१६ घर असलेल्या गरीब आयांचा अभ्यास झाला. बेघर आयांपैकी दहात नऊहून अधिक जणींनी आयुष्यात कधी ना कधी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसले होते. घर असलेल्यांतही हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे मार दोघींनी खाल्ला, छप्पर एकीचंच गेलं.

“आधी किल्ली द्या, समुपदेशन मग,” हे तुमचं पालुपद. अमेरिकेतच पुढे २,२८२ बेघर कुटुंबांवर मोठा प्रयोग झाला. ज्यांना भाड्यासाठी दीर्घकाळ मदत देऊ केली, त्यांच्यात पुन्हा बेघर होण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, जोडीदाराची मारहाणही कमी झाली. हे वाचताना तुमचाच आवाज कानात होता.

ताई, मनापासून आभार. शनिवारी अहवालाची प्रत घेऊन येते. त्यातला पहिला प्रश्न तुमचा आहे, तुमच्याच शब्दांत.

तुमची,
प्रश्नावलीवाली