अडचणींची एक वही हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांच्या सदरात रस्त्यातले खड्डे, कमी दाबाने येणारे पाणी, घोडबंदर रोडची कोंडी यांवर ठाणेकर नेमाने लिहितात. ते लिहायलाच हवे, कारण तिथे जाब विचारायला कुणीतरी असते. पण घराघरांत अशा कितीतरी बारीकसारीक अडचणी आहेत, ज्यांत कुणाचाच मोठा गुन्हा नसतो. त्यांच्यासाठी ना वॉर्ड ऑफिस, ना हेल्पलाइन. माणसे त्या सोसतात, फार तर स्वतःपुरता काही जुगाड करतात, आणि तो जुगाड त्याच घरात राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी सगळी नोकरी झाली. दोन रुपयांच्या वॉशरने अडलेले काम मोकळे होताना पाहिलेल्या माणसाला हे फार लागते, म्हणून हे पत्र.

गोळ्यांची स्ट्रिप घ्या. एक्स्पायरीची तारीख बहुधा एकाच टोकाला असते. दोनच गोळ्या मागितल्या की हातात बिनतारखेचा तुकडा येतो, आणि सहा महिन्यांनी डब्यात सापडल्यावर तो टाकावा की ठेवावा हे कळत नाही. प्रत्येक गोळीच्या मागे नाव आणि तारीख छापली तर प्रश्नच मिटेल. तोवर औषधवाल्याने तारखेचे टोक शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत राखावे आणि कापलेल्या तुकड्यावर पेनने महिना-वर्ष लिहून द्यावे, एवढे तरी उद्यापासून होऊ शकते. गॅसचेही तसेच. सिलिंडरवरून ओले फडके फिरवले की वरचा भाग लवकर सुकतो आणि आत द्रव गॅस जिथवर आहे तिथवर ओल जरा जास्त वेळ टिकते. किती गॅस उरला ते दिसते. ही युक्ती माहीत असलेले घर आणि नसलेले घर एकाच मजल्यावर समोरासमोर असतात.

आता आमच्या नौपाड्यातली गोष्ट जरा सविस्तर सांगतो. इथे लिफ्ट नसलेल्या जुन्या तीन-चार मजली इमारती अजून बऱ्याच आहेत आणि त्यांत राहणारी माणसेही इमारतीइतकीच जुनी. गुडघे बोलू लागले की गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची, भाजीवाल्याने तीत भाजी ठेवायची, वरून ओढून घ्यायची, ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजी ती पिशवी ओढताना एकदा जवळ उभे राहून बघावे. दोरी ग्रिलच्या पट्टीवर घासते, तिथेच तिचे तंतू सुटत जातात. बारीक नायलॉन तळहातात रुतते. पिशवी गरगर फिरत खालच्या छज्ज्याला अडकते. आणि मध्येच हात भरून आला तर दोरी सोडायची सोय नाही. सोडली की कांदे-बटाटे रस्त्यावर.

आम्ही शेजाऱ्यांनी मिळून साध्या लोखंडी (एमएस) पाइपचा दोन फुटी हात करून घेतला, बिजागरीवर आत वळणारा. टोकाला कप्पी लावली, छताला टांगलेल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला असते तीच. पिशवी भिंतीपासून लांब राहिली, दोरीचे घासणे थांबले. इमारतीतल्या इंजिनीअरिंगच्या मुलाने आणखी एक कप्पी पिशवीच्या बाजूला लावायची सुचवली. त्याचे म्हणणे बरोबर होते. एका कप्पीने फक्त ओढण्याची दिशा बदलते, वजन तेवढेच राहते. दुसरी फिरती कप्पी आली की जोर जवळजवळ निम्मा लागतो. पण मग दोरी दुप्पट ओढावी लागते. आजींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "वजनाचं काही नाही हो, मला मधे दम खाता आला पाहिजे." म्हणून दुसरी कप्पी राहिली बाजूला आणि ग्रिलच्या आत दोरी धरून ठेवणारा दातेरी खटका बसला. ओढली की दोरी सरकते, हात काढला की जागच्या जागी अडकते. दोरी सुती आणि कप्पीच्या खाचेत बसेल एवढी जाड घेतली. पिशवीत चार-पाच किलोच्या वर काही नाही, काचेची बाटली नाही आणि खाली कुणी उभे असताना ओढायचे नाही, एवढे नियम ठरले.

हे सगळे सामान ठाण्यात एका फेरीत मिळते, वेल्डिंगवाला जवळच आहे. अशा आजी शेजारच्या गल्लीत आहेत, कोपरीला आहेत, डोंबिवलीतही असतील. आमच्या गॅलरीतला खटका त्यांच्यापर्यंत जाणार कसा?

अडचण नीट शब्दांत मांडून चार लोकांपुढे ठेवली तर काय होते, याचे आपल्याच माणसाचे उदाहरण आहे. शंकर आबाजी भिसे १८६७ साली मुंबईत जन्मले. लंडनच्या एका नियतकालिकाने किराणा दुकानातला साखर-पिठासारखा सुटा माल आपोआप तोलून देणारे यंत्र सुचवा, अशी स्पर्धा लावली होती. मुंबईत बसून भिशांनी ती जिंकली. पुढे दादाभाई नौरोजींनी त्यांना पाठबळ दिले आणि छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरे, ओतण्याच्या यंत्रासाठी त्यांचे नाव गाजले. पण सुरुवात झाली ती कुणीतरी दुकानदाराची अडचण छापली म्हणून. अंधांना पायांनी वाट कळावी म्हणून फलाटांवर बसवलेल्या उंचवट्यांच्या पिवळ्या लाद्याही अशाच. दृष्टी जात चाललेल्या मित्राचे हाल पाहून जपानच्या सेइची मियाके यांनी त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या.

कल्पना चोरीला जाईल, ही भीती मला अनेकांनी बोलून दाखवली. तिचा विचार व्हायला हवा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात ओळखीच्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी जोडल्या तर पेटंट मिळत नाही, आणि जर्मनी, जपान, चीनमध्ये लहान शोधांसाठी दहा वर्षांचे जे वेगळे संरक्षण आहे ते आपल्याकडे नाही. आमच्या पिशवीच्या हातासारख्या बहुतेक घरगुती युक्त्या त्यामुळे मोकळेपणाने वाटून टाकलेल्याच बऱ्या. मात्र एखाद्याची यंत्ररचना खरोखर नवी असेल तर त्याने ती चारचौघांत दाखवण्याआधी अर्ज करावा. आधी तात्पुरता अर्ज देऊन पूर्ण तपशील बारा महिन्यांत भरता येतो. ही माहितीही आपल्या वर्तमानपत्रातून लोकांना मिळावी असे मला वाटते.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. आपण आठवड्यातून एकदा अर्धा रकाना वाचकांच्या अडचणींसाठी राखावा, तीच आपली अडचणींची वही. फक्त अडचण, तीही मोजमापासकट: कुणाला येते, कुठे, किती वजन, किती जागा, आजवर काय करून पाहिले. उपाय पुढच्या आठवड्यात इतरांनी कळवावेत. आणि मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या, १८९३ पासून शहराला वाचायला लावणाऱ्या संस्थेने महिन्यातून एक संध्याकाळ याच कामाला द्यावी. तिथे गृहिणी, आयटीआयची मुले, वागळे इस्टेटचे निवृत्त फिटर-टर्नर आणि फॅब्रिकेशनवाले एकत्र बसतील. बालकांनाही बोलवा. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाच्या इग्नाइट स्पर्धेत शाळकरी मुलांची नुसती कल्पनासुद्धा घेत असत, वस्तू बनवून पाठवावी लागत नसे. ठाण्यातल्या शाळांनी अशा स्पर्धांत जरूर उतरावे. मापे घेणे आणि ड्रॉइंग काढून देणे हे काम मी आनंदाने करीन.

पहिली नोंद माझ्याकडून घ्या. ठाण्याहून सकाळी लोकलमध्ये चढणाऱ्याची ओली छत्री. बंद केल्यावर तिचे पाणी शेजाऱ्याच्या पायावर गळते, पिशवीत ठेवली तर डबा आणि कागद भिजतात, वर रॅकवर ठेवली तर खाली बसलेल्यांवर ठिबकते. प्लॅस्टिकची पिशवी पहिल्या आठवड्यातच फाटते. उपाय एका हाताने वापरता यावा, कारण दुसऱ्या हाताने दांडा धरलेला असतो. घडी केल्यावर खिशात मावावा, आणि आत साचलेले पाणी उतरल्यावर ओतून टाकता यावे. मला अजून जमलेला नाही. कुणाला जमला असेल तर त्यांनी आपल्या पत्त्यावर कळवावे.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे