ग्लेनकोलमकिल सहल: मुलांची तयारी

आयर्लंडमधल्या डोनेगल काउंटीतल्या ग्लेनकोलमकिल गावच्या सहलीला येणाऱ्या पालकांनी निघण्यापूर्वी एक संध्याकाळ राखून ठेवावी.

आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे अर्ज मोफत पाहता येतात. काउंटी (जिल्हा), डीईडी (जिल्ह्यातला निवडणूक विभाग), मग टाउनलँड (जमिनीचा सर्वांत लहान विभाग, साधारण वाडीसारखा) असं उतरत जा. थेट गावाचं नाव टाकलं तर बहुधा काहीच सापडत नाही, कारण स्पेलिंग वेगवेगळी आहेत. मुलांना एकच घर निवडू द्या. त्या घरात किती माणसं, कोण आयरिश बोलत होतं, कोणाला वाचता येत होतं, हे वहीत उतरवून घ्या. 'बी-१' अर्जात छप्पर, खोल्या आणि दर्शनी खिडक्यांची नोंद असते. त्यावरून घराचं चित्र काढता येतं.

दोन्ही जनगणनांतली वयं जुळली नाहीत तर गोंधळू नका. १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन मिळू लागली, त्यासाठी काहींनी वय वाढवून सांगितलं, त्यामुळे दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारे झालेले आजोबा भेटतील! मुलांना हे फार आवडतं.

ग्लेनकोलमकिलचे धर्मगुरू फादर जेम्स मॅकडायर यांनी १९६७ मध्ये तिथे उभारलेल्या लोकग्रामात (जुन्या घरांच्या खुल्या संग्रहालयात) शाकारलेली घरं आहेत. छपरावरचे दोर भिंतीतल्या दगडी खुंट्यांना का बांधलेत, हे मुलांनाच शोधू द्या. अटलांटिकचा वारा अंगावर आला की उत्तर सापडतं. १८४५ मध्ये सुरू झालेल्या बटाटा-दुष्काळाबद्दल मात्र घरीच, शांतपणे सांगा.

वही, पेन्सिल, रेनकोट आणि जाड तळव्याचे बूट हवेतच. छत्री नको, वाऱ्यात उलटते.