आमच्या नळाची वीजही हवामान योजनेत मोजा

माननीय भूपेंद्र यादव जी,
केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री, नवी दिल्ली

सादर नमस्कार. मी इंदूरची. सांगायचं ते एकच आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे वीज आहे आणि देशाच्या हवामान योजनेत मात्र या दोघांचे हिशोब वेगळ्या घरात बसलेत.

नर्मदा खाली निमाडात वाहते, इंदूर वर पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून जवळपास ७० किलोमीटर पाणी पंपाने चढवत चढवत वर आणतात, १९७८ पासून हे चाललंय, आणि त्यासाठी १९७० मध्ये इंदूरकर रस्त्यावर उतरले होते हे आमच्या घरातली मोठी माणसं अजून सांगतात. ते पाणी आलं म्हणून शहर टिकलं, त्याबद्दल वादच नाही. पण तेही एक दिवसाआड येतं, मग खालच्या हौदातून मोटर लावून वरच्या टाकीत चढवा, मे महिन्यात बोरिंग आटलं की टँकर मागवा. एक बादली न्हाणीघरात पोचेपर्यंत किती ठिकाणी वीज आणि डिझेल जळलं ते कोण मोजतंय?

२००८ च्या हवामान बदलावरच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आठ मिशन आहेत. सौर आहे, पाणी आहे, शहरांसाठी शाश्वत अधिवास आहे. पण सौर एका मंत्रालयाकडे, पाणी जलशक्तीकडे, शहरं तिसऱ्याकडे. पाण्याच्या मिशनचं उद्दिष्ट वापराची कार्यक्षमता २० टक्क्यांनी वाढवायची, चांगलंच आहे, पण पाणी किती उंच चढवलं याचा त्यात हिशोब कुठेय? २०२५ मध्ये देशाची निम्मी वीजक्षमता कोळसा-गॅस सोडून झाली, २०३० चं लक्ष्य पाच वर्षं आधी गाठलं, याचा मला खरंच अभिमान वाटतो. तरी क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार झालेली वीज वेगळी, ती अजून बरीचशी कोळशाचीच आहे, आणि पंप तर रात्रीसुद्धा चालतात.

आमच्या महापालिकेने २०२३ मध्ये ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढून २४४ कोटी उभे केले, जलूदलाच ६० मेगावॅटच्या सोलरसाठी, म्हणजे पाणी चढवायची वीज उन्हातून. किती सरळ विचार आहे बघा. पण इंदूरचं नाव मोठं म्हणून बाजारातून पैसा आला, लहान गावांच्या नगरपालिकांना कोण देणार? आणि पाणी चढवणं काही थांबत नाहीये, उज्जैनच्या क्षिप्रा नदीतसुद्धा २०१४ पासून नर्मदेचं पाणी पंपानेच सोडतात, तिथला २०२८ चा सिंहस्थ कुंभमेळा तर तोंडावर आलाय.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हाळ्याची. रामबागेतल्या आमच्या जुन्या वाड्यात विहीर आहे, आजीच्या वेळी तिला रहाट होता. आता वर फरशी घातलीय आणि फरशीवर भाडेकरूंच्या स्कूटर उभ्या असतात. श्रावणात कोपऱ्यातलं लोखंडी झाकण उचललं तर पाणी इतकं वर आलेलं असतं की वाकून तांब्या बुडवावा, आणि त्याच अंगणात आम्ही शेवाळ धुतो ते निमाडातून चढवून आणलेल्या पाण्याने! ही एकच विहीर नाही हो, जुन्या इंदूरमध्ये गल्लोगल्ली आहेत, बावड्या म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी आहेत, तलाव आहेत. सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले, २०२५ मध्ये इंदूरला रामसरचा वेटलँड सिटीचा मान मिळाला, तो विषय तर थेट तुमच्याच मंत्रालयाचा. मग शहरातलं जे पाणी तिथल्या तिथे वापरता येतं, प्यायला नाही तरी धुण्याला, बागेला, बांधकामाला, त्याने वाचलेली वीज हवामानाच्या खात्यात का जमा होऊ नये?

म्हणून विनंती आहे की प्रत्येक शहराला हजार लिटर पाणी घरी पोचवायला किती युनिट लागतात तो आकडा दरवर्षी जाहीर करायला लावा आणि तो कमी करायचं लक्ष्य राष्ट्रीय योजनेत घाला. पंपांच्या सोलरसाठी लहान नगरपालिकांना केंद्राने पैसा द्यावा, कर्ज काढा म्हणू नये. आणि विहिरी-बावड्यांचा गाळ काढणं, पाणी तपासणं, सुरक्षित जाळी बसवणं याला सुशोभीकरण न समजता हवामानाच्या कामात धरा. तिन्ही मंत्रालयांना एका टेबलावर तुम्हीच बसवू शकता, पुढच्या उन्हाळ्याच्या आत बसवा.

आपली,
इंदूरची एक रहिवासी