बोटॉक्स म्हणजे नुसत्या सुरकुत्या नव्हेत

मा. संपादक, स.न.वि.वि.

बोटॉक्स म्हटलं की लोकांना लगेच हिरॉइनींचे गुळगुळीत चेहरे आठवतात, पण माझ्या आईला हे इंजेक्शन चार वर्षं चालू आहे आणि तिचा सुरकुत्यांशी काडीचा संबंध नाही. तिच्या पापण्या आपोआप घट्ट मिटायच्या, तांदूळ निवडताना एका हाताने पापणी वर धरून दुसऱ्या हाताने खडे काढायची, रस्ता ओलांडायचा तर विचारूच नका. न्यूरोलॉजिस्टनी डोळ्यांभोवती बारीक सुईने थोडं थोडं औषध टोचलं, आठवड्याभरात डोळे उघडे राहायला लागले. परिणाम तीन-चार महिनेच टिकतो, मग परत नंबर लावा, आणि खर्चही काही कमी नाही.

गंमत म्हणजे हे औषध आधी डोळ्यांसाठीच आलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरलं, अमेरिकेत 1989 साली तिरळेपणा आणि पापण्यांच्या याच त्रासासाठी मंजुरी मिळाली, भुवयांमधल्या आठ्यांचा नंबर 2002 मध्ये लागला. हे औषध ज्या विषापासून बनतं ते मूळ विष मात्र जीवघेणं, नसेकडून स्नायूला जाणारा निरोपच अडवतं, म्हणून डोस युनिटमध्ये मोजून देतात.

आणि आमच्याकडच्या एका पार्लरमध्ये ‘लग्नसराई ऑफर’ म्हणून हे टोचून देतात! शेजारच्या ताईंची एक पापणी भाचीच्या लग्नात अर्धी खाली, सगळ्या फोटोंत तशीच. बाटली कुठली, युनिट किती, टोचणारी कोण, कागदावर काहीच नाही. अशांवर लक्ष कोण ठेवतं, तेवढं तुमच्या बातमीदाराने शोधून छापावं.

– एक वाचक, नाशिक