तुझ्या उजव्या कानाला माहीत असलेली गोष्ट

प्रिय लंब्या,

आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. आठ महिने झाले, तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. सबबी तयार आहेत, पण तुला त्या माझ्याइतक्याच पाठ आहेत. तब्येत बरी. गुडघा जिथे होता तिथेच आहे, साखर आटोक्यात. पुढचं तुझ्याशिवाय कुणालाच कळायचं नाही, म्हणून सगळे झोपल्यावर लिहायला बसलोय.

काल धाकटीच्या शाळेच्या बँडचा कार्यक्रम झाला. हो, बँड. आणि हो, क्लॅरिनेटच. मी सुचवलं नव्हतं, शपथ. शाळेने वाद्यं मांडून ठेवली होती आणि हिने नेमकं तेच उचललं. दोन वर्षं तिसऱ्या क्लॅरिनेटमध्ये मजेत होती. तिथलं सुख तुला सांगायला नको. खालचे स्वर लांबवत बसायचं, चुकलंच तर ट्रॉम्बोनच्या पोटात गडप. यंदा तिला दुसऱ्या क्लॅरिनेटमध्ये घेतलं. घरात आनंदीआनंद, आणि माझ्या पोटात गोळा. कारण दुसरी क्लॅरिनेट म्हणजे खड्डा आलाच.

खालच्या स्वरांतून वरच्या स्वरांत उडी मारायची ती जागा, सर तिला ब्रेक म्हणायचे, आपण खड्डा. मधल्या ए या स्वराला डाव्या हाताची एक तर्जनी, बाकी सगळी भोकं उघडी, वाद्य हातात नुसतं लोंबतंय. आणि लगेच वरच्या बी ला अंगठा, सहा भोकं, करंगळी, शिवाय स्वर वर नेणारी रजिस्टरची चावी, सगळं एका क्षणात. एका बोटाखाली केसाएवढी फट राहिली की कोंबडं आरवलंच. परवा मी मुद्दाम वाचून काढलं हे असं का ते. सॅक्सोफोनवर तीच बोटं ठेवून चावी दाबली की स्वर सरळ एक सप्तक वर जातो. आपली नळी आतून सरसकट एकाच रुंदीची आणि फुंकायच्या टोकाला बंद असल्यासारखी वागणारी, म्हणून खालच्या सा ची बोटं थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर नेऊन आदळतात. मधली जागा भरायला त्या ए सारख्या, घशातले म्हणतात त्या स्वरांची खटपट. म्हणजे चूक माझी नव्हती, नळीची होती! हे शाळेत कळलं असतं तर निदान सरांशी वाद घालता आला असता.

तर काल. शेवटचं संचलनगीत सुरू झालं. मी तिसऱ्या रांगेत. तिची बोटं नीट पळत होती, ओठ जागेवर, गाल आत. शेजारचे पालक मोबाइल वर धरून खूश. खड्ड्याची जागा आली, निघून गेली, कोंबडं काही आरवलं नाही. मी टाळ्या वाजवणार एवढ्यात लक्षात आलं. ओळ संपली की रांगेतल्या सगळ्यांचे खांदे वर जात होते, श्वासासाठी. हिचे नाही. पुढच्या ओळीलाही नाही. जी फुंकतच नाही तिला दम कशाला खायला लागेल?

लंब्या, अख्खं गीत ती नुसती बोटं नाचवत होती.

आणि मग मला तू आठवलास. शेवटचं वर्ष, शेवटचा कार्यक्रम, आपलं दोघांत एक स्टँड (तू ते तुझ्या उंचीला लावायचास आणि मी वर्षभर बगळ्यासारखी मान करून वाजवलं, हे मी विसरलेलो नाही). मी तुझ्या उजवीकडे. त्या दिवशी मी एक स्वरसुद्धा वाजवला नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही. पण तुझ्या उजव्या कानाला माहीत होतं. तू फक्त मान किंचित वळवलीस आणि पुढच्या ओळीपासून दुप्पट जोर लावलास. नंतर सर तुझ्यावरच उखडले, दुसरी क्लॅरिनेट एवढी बोंबलते कशाला म्हणून. तू म्हणालास, रीड कडक आहे सर. कडक कसली! माझी अडीच नंबरची वेताची पट्टी होती ती, तू चोरलेली. तीही अजून कबूल केलेली नाहीस.

तू तेव्हा काहीच बोलला नाहीस, आजतागायत नाही. मी त्याला मैत्री म्हणत आलो. काल रात्रीपासून मात्र डोक्यात किडा वळवळतोय. त्या कार्यक्रमानंतर मी क्लॅरिनेटची पेटी बंद केली ती केलीच. लोकांना सांगितलं, अभ्यास. तू त्याच संध्याकाळी "गाढवा, वाजवलं का नाहीस" असं तोंडावर विचारलं असतंस तर? कदाचित मारामारी झाली असती आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वाजवायला बसलो असतो. कदाचित तुझ्याशी बोलणंच टाकलं असतं. रागावू नकोस, तुझ्यावर खापर फोडत नाहीये. थोडंसं फोडतोयही.

कारण आता तुझ्या जागेवर मी आहे. घरी आल्यावर तिने विचारलं, "बाबा, आमचा आवाज कसा आला?" आमचा म्हणाली, माझा नाही. मी म्हटलं, छान आला. ती खाली मान घालून फडक्याने नळी पुसत राहिली, तीन वेळा पुसली. मला वाटतं मी ओळखलंय हे तिने ओळखलं. किंवा नसेलही. हेच तर कळत नाही ना. बोललो तर तिची लपायची एकुलती एक जागा जाते. गप्प बसलो तर एक दिवस पेटी माळ्यावर जाईल आणि वर लिहिलेलं असेल, अभ्यास. तिच्या आईला सांगायची सोय नाही. ती सरळ बँडच्या सरांना भेटायला जाईल, आणि मग पोरीने माझं तोंडसुद्धा पाहायला नको.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, लेखी. मैदानावरच्या त्या भांडणात तू बरोबर होतास. ढोल्या मागे पडत नव्हता. मिनिटाला 120 पावलं म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक ठोका. ढोल आपल्यामागे पस्तीसेक मीटरवर असेल तर आवाज पोचायलाच सेकंदाचा दहावा भाग लागतो. आपण कानाने चाललो की रखडणार, सरांच्या हाताकडे बघून चाललो की जमणार. तू हेच ओरडत होतास आणि मी त्या बिचाऱ्याला वर्षभर मंदबुद्धी म्हणत राहिलो. भेटला तर माझ्या वतीने सांग. नाहीतर नको, चढून बसेल.

तुझ्या बदलीचं काय झालं? आईंचा डोळा आता कसा आहे? थोरल्याचा निकाल कळला, तेव्हाच फोन करायला हवा होता, राहिलं. वहिनींना नमस्कार, आणि त्यांना म्हणावं हे पत्र त्यांनी वाचायचं नाही.

आता काम. काल रात्री मी माळ्यावरून पेटी काढली. कॉर्क वाळून भुसा झालाय, सांधे हातात येताहेत, रीडला मध्येच चीर. तरी तोंडात धरून पाहिली. तू खड्ड्यासाठी एक युक्ती सांगायचास, आठवतंय? ए वाजतानाच उजव्या हाताची बोटं आधीपासून दाबून ठेवायची, ए चं काही बिघडत नाही आणि बी ला निम्मंच काम उरतं. मला शिकवायला मधल्या सुट्टीत दोनदा आलास आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, येतंय मला. येत नव्हतं.

तर ती उजवी करंगळीसुद्धा आधीच खाली ठेवायची का? आणि बी ला करंगळीची चावी डाव्या हाताने घ्यायची की उजव्या? नीट लिहून पाठव, जमलं तर बोटांचं चित्र काढून. फोन करू नकोस, तिची खोली भिंतीला लागून आहे आणि तिला सगळं ऐकू येतं.

तुझाच,
बुटक्या