सर, त्या चिठ्ठीवर तुम्ही माझं नाव लिहिलंत

सर नमस्कार,

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, लगेच "मोगरा कसाय, पाऊस पडला का" असं दुसरंच काढता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुळे सोलापुरात आमची छोटी नर्सरी आहे. कुंडी उचलली की खाली ओलीत जे करडे चौदा पायांचे किडे (इंग्रजीत वुडलाउस) इकडंतिकडं पळतात ना, ते मी लहानपणापासून बघतोय. गिऱ्हाईक बघितलं की म्हणतं औषध मारा. मी कधी मारलं नाही, कारण पडलेला कुजका पाला खाऊन त्याची माती करायचं काम हेच करतात. आपल्याकडच्या मे महिन्यात सगळी जमीन भाजून निघते तेव्हा भिजवलेल्या गोणपाटाखाली शेकड्यानं सापडतात. ते असे ओल धरून का बसतात, सगळे एकाच जातीचे का वेगवेगळे, जगात असे किती, हे मला किती वर्षं कुणाला तरी विचारायचं होतं.

विचारलं पण. किडे बाटलीत घालून नेले, तर एका ठिकाणी बाटलीकडं न बघताच "वाणी आहे, वाणी" म्हणून सांगितलं. अहो वाणीला प्रत्येक वळ्याला पायांच्या दोन जोड्या असतात, ह्याला सगळ्या मिळून सात, एवढं तर मला मोजता येतं. दुसरीकडं पहिला प्रश्न काय, तर शिक्षण किती झालंय. तिसऱ्या ठिकाणी बाटली ठेवून घेतली, पाच महिने मी फेऱ्या मारल्या आणि शेवटी कपाटात ती कोरडी पडलेली मिळाली, आत नुसता भुगा. कुणाचं नाव घेत नाही, पण त्या दिवशी सात रस्त्यापासून घरापर्यंत चालत आलो, रिक्षात बसावंसंसुद्धा वाटलं नाही.

आणि मग तुम्ही. रोपं घ्यायला आलात आणि गोणपाटापाशी गुडघे टेकून बसलात, पांढऱ्या पँटवर. पोटाखालचे पांढरे ठिपके मला भिंगातून दाखवलेत आणि म्हणालात हे ह्याचं श्वास घ्यायचं साधन, हा खेकडा-कोळंबीच्या नात्यातला, पाणी सोडून जमिनीवर आला पण ओल सुटली नाही. मी अर्धा पांढरा अर्धा काळपट असा एक वेगळा जपून ठेवला होता, नवीन जात असेल म्हणून. तुम्ही हसला नाहीत. हा कात टाकतोय, आधी मागचा अर्धा भाग, मग दोनेक दिवसांनी पुढचा, असं शांतपणे सांगितलंत, आणि दोन दिवसांनी खरंच तसंच झालं.

मग ती यादी मोबाईलवर उघडून दाखवलीत. जर्मनीत श्टुटगार्टला हेल्मुट श्माल्फुस म्हणून अभ्यासक, त्यांनी २००३ साली जगभरातल्या ह्या प्राण्यांची यादी छापली, साडेतीन हजारावर जाती, आणि पुढं भर पडत आकडा ३,७०० च्या वर गेलाय. माझा पिठूळ, बोट लागलं की पांढरी पूड पुसली जाणारा, तो शास्त्रीय नावानं पोर्सेलिओनाइडिस प्रुइनोसस निघाला, जगभर पसरलेला. पुढं कंसात ब्रँट, १८३३, म्हणजे ह्या जातीचं पहिलं वर्णन कुणी आणि कधी केलं ते. कंस का, तर ब्रँटनं तो आधी वेगळ्या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या वेगळ्या गटात, घातला होता, नंतर हलवला, म्हणून कंस. एका कंसात एवढं असतं हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पण मला खरं लिहायचंय ते चिठ्ठीबद्दल. तो दुसरा, हात लागला की अंग गुंडाळून गोळी होणारा, त्याची तुम्ही अल्कोहोल घालून छोटी बाटली केलीत. नर असेल तर पोटाखालचे अवयव बघून जात कळते, आपल्याला मादीच सापडलीय, म्हणून ठाम काही सांगणार नाही म्हणालात. शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढलीत, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते म्हणून पेन्सिल, आणि नखाएवढ्या कागदावर लिहिलंत: सोलापूर, तारीख, कुंडीखाली. जातीपुढं प्रश्नचिन्ह. आणि गोळा करणारा म्हणून माझं नाव, आडनावासकट पूर्ण. लिहिण्याआधी विचारलंत, "वडलांचं नाव पण घालतो, चालेल ना?"

सर, माझे वडील आयुष्यभर मागावर चादरी विणत होते. त्यांचं नाव मी रेशनकार्ड सोडून कुठं छापलेलं बघितलं नाही. ते आता त्या बाटलीत आहे. तुम्हाला ही साधी पद्धत वाटली असेल, ज्यानं गोळा केलं त्याचं नाव लिहायचं, पण आधी तीन ठिकाणी माझं नाव कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तुमच्यासारखी माणसं असतात म्हणून आमच्यासारख्यांना विचारायचा धीर होतो, खरंच.

काल रात्री गोणपाट उचललं तर गोळी होणारे अकरा सापडले, मोठे. नर कुठला ते मला अजून ओळखता येत नाही, म्हणून सगळे ठेवलेत. पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून आत टाकलीय. रविवारी घरी असाल तर घेऊन येतो, मॅडमना सांगितलेला मोगरा पण आणतो.