आई-बाबांना पत्र : कार्डावरची तारीख

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, सगळ्यात आधी हे सांगते, म्हणजे आईला आज झोप लागेल. माझ्या ग्रीन कार्डावरची, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्यावरची, तारीख उलटून गेली असली तरी माझं इथलं राहणं पूर्णपणे कायदेशीर आहे. नोकरी चालू आहे आणि गणपतीला मी साताऱ्याला येते आहे. तिकीट काढलंय.

कार्डाची तारीख उलटली की देशाबाहेर काढतात, असं मामा म्हणाला ते अगदीच खोटं नाही. दोन वर्षांचं कार्ड संपायच्या आत अर्ज केला नाही तर ग्रीन कार्डाचा हक्क जातो आणि देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते. पण आम्ही अर्ज वेळेत केला. तुम्ही आयुष्यभर जिल्हा परिषदेत फायली सांभाळल्यात, पोचेचं महत्त्व मी तुम्हाला काय सांगणार! इथेही सगळं पोचेवरच चालतं. आमच्या अर्जाची पोच आली आहे आणि त्या कागदावरच छापलंय की कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढली. पूर्वी ही वाढ १८ महिन्यांची असायची, मग २४ झाली आणि २०२३ च्या जानेवारीपासून ४८. कारण एवढंच, की अर्जांचा ढीग साचलाय आणि निकाल लागायला वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. जुनं कार्ड आणि हे पत्र सोबत दाखवलं की नोकरीत आणि प्रवासात दोन्हीकडे चालतं. मुंबईहून परत निघताना विमान कंपनीची माणसं हेच दोन कागद मागतील, म्हणून अस्सल पत्र मी पासपोर्टच्या कव्हरातच ठेवते.

आईचा प्रश्न वेगळा होता. मुळात दोनच वर्षांचं कार्ड का दिलं, आमच्या मुलीच्या लग्नावर शंका का? आई, शंका तुझ्या मुलीवर नाही. १९८६ साली, रेगन अध्यक्ष असताना, इथे एक कायदा झाला. नुसत्या कार्डासाठी, पैसे देऊन खोटी लग्नं लावली जातात अशी तेव्हा मोठी ओरड होती. तेव्हापासून नियम असा आहे, की ग्रीन कार्डाचा हक्क ज्या दिवशी मिळतो त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पुरी झालेली नसतील, तर कार्ड सशर्त मिळतं. मग कोणत्याही देशाची बाई असो की बुवा. मुंबईत बीकेसीच्या वकिलातीतून व्हिसा घेऊन मी नेवार्कला उतरले तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, म्हणून मला दोन वर्षांचं मिळालं. दोन वर्षं उलटल्यावर उतरले असते तर थेट दहा वर्षांचं मिळालं असतं. काम, पगार, कर, प्रवास या कशातही दोन्ही कार्डांत फरक नाही. फरक फक्त मुदतीत, आणि मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ नावाचा अर्ज करावा लागतो त्यात. त्याहून आधी पाठवला तर परत येतो आणि उशीर झाला तर कारण द्यावं लागतं. फी ७५० डॉलर. इथली आपली माणसं याला ‘अटी काढणं’ म्हणतात.

आता त्या अर्जासोबत काय पाठवलं ते ऐक, म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहील. घराचा भाडेकरार, दोघांच्या नावाचा. बँकेचं एकत्र खातं आणि त्याची दोन वर्षांची पानं. त्या पानांत किराणा, विजेचं बिल, दातांचा डॉक्टर, तुम्हाला पाठवलेले पैसे, सगळं दिसतं. दोघांनी मिळून भरलेला आयकर. गाडीचा विमा. तुमच्या जावयाच्या विम्यावर आणि निवृत्तीच्या खात्यावर वारस म्हणून माझं नाव. गेल्या वर्षी आपण सगळे औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो होतो ते फोटो, मागे तारखा लिहून. बाबा, त्यातल्या एकात तुम्ही जावयाला हाताला धरून पायऱ्या चढवताय. तो मी मुद्दाम घातला.

शिवाय आम्हाला जवळून ओळखणाऱ्या दोन माणसांची लेखी शपथपत्रं जोडली. एक तुमच्या जावयाच्या ऑफिसमधल्या मित्राचं आणि दुसरं समोरच्या घरातल्या गुजराती आँटींचं. आँटींनी पानभर लिहिलंय. बर्फ पडला की आम्ही दोघं मिळून दार मोकळं करतो हे त्या रोज खिडकीतून बघतात, हेसुद्धा त्यात आहे. वाचताना मला भरून आलं. या शहरात आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे, असं मला तोवर वाटलंच नव्हतं.

अधिकारी हे सगळं कागदांवरूनच ठरवतात आणि बऱ्याच जणांना मुलाखतीला बोलवतही नाहीत. ठरवून केलेलं लग्न त्यांना समजेल का, ही बाबांची काळजी होती. चार भेटींत लग्न ठरलं म्हणून ते खोटं ठरत नाही. लग्न करताना एकत्र संसार करण्याचा हेतू होता का, एवढंच कायदा बघतो, आणि तो हेतू रोजच्या व्यवहारात दिसतो. खोट्या लग्नाची शिक्षा मात्र कडक आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड.

इथवर आमचं झालं. हे पत्र लांबतंय ते पुढच्या गोष्टीसाठी.

बाबा, तुम्ही म्हणालात की शेजारच्या काकांच्या मुलीचं अमेरिकेतल्या मुलाशी जमतंय आणि काका खुशीत आहेत. मलाही आनंद झाला. पण या अर्जातली एक गोष्ट काकांना आणि मुख्य म्हणजे तिला कळायलाच हवी. आय-७५१ वर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. खरी गोम इथे आहे. ज्या घरात दोघांचं नीट जमतं तिथे सही हा क्षणाचा प्रश्न असतो. ज्या घरात जमत नाही तिथे तीच सही नवऱ्याच्या हातातलं शस्त्र होते.

आमच्या इमारतीत विदर्भातली एक मुलगी राहायची. पोळ्या करताना हात थरथरायचे तिचे. नवरा तिचं कार्ड आणि पासपोर्ट कपाटात कुलूप लावून ठेवायचा. रोजचं एकच वाक्य, “मी सही करणार नाही, मग बस विमानात.” तिने माहेरी सांगितलं तर तिकडून उत्तर आलं, कार्ड पक्कं होईपर्यंत सोसून घे. तिचे आईवडील वाईट नाहीत, बाबा. त्यांना हेच माहीत होतं, की मुलीचं तिथलं राहणं जावयाच्या हातात आहे. आणि ते चूक आहे, साफ चूक आहे.

नवऱ्याच्या सहीशिवाय, एकटीने तोच अर्ज करायची सोय कायद्यात आहे. लग्न खऱ्या हेतूने केलं होतं पण घटस्फोट झाला, तर करता येतो. नवरा वारला, तर करता येतो. परत गेल्यावर असाधारण हालअपेष्टा होतील असं दाखवता आलं, तरी करता येतो. आणि नवऱ्याने मारहाण केली किंवा अतिशय क्रूरपणे वागवलं, तर अजून लग्नात असतानाही करता येतो. अंगावर वळ असलेच पाहिजेत असं नाही. कोंडून ठेवणं, धमकावणं, कागदपत्रं दाबून ठेवणं हेही विचारात घेतलं जातं. एकटीच्या अर्जाला ती ९० दिवसांची वाट बघायची नसते. तो आधीही करता येतो, नंतरही.

हे सगळं सुरुवातीपासून नव्हतं. १९८६ च्या मूळ कायद्यात छळ सोसणाऱ्या बाईसाठी वेगळी तरतूदच नव्हती, ती १९९० च्या दुरुस्तीने आली. मग १९९४ साली बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला आणि पुराव्याची अट सैल झाली. पोलिसांचा कागद नसला तरी डॉक्टरची नोंद, शेजाऱ्याचं निवेदन, स्वतःचं सविस्तर म्हणणं, जे विश्वासार्ह असेल ते बघायचं असं ठरलं. मधल्या वर्षांत किती जणी निमूट सोसत राहिल्या असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. कायदा करताना सह्या कोण अडवेल याचा विचार कुणीतरी करायला हवा होता.

त्या मुलीला मी ‘मानवी’ या संस्थेबद्दल सांगितलं. ती इथे न्यू जर्सीतच आहे, १९८५ पासून. आपल्या भागातून आलेल्या बायकांसाठी या देशात उभी राहिलेली ही पहिली संस्था. तिथे आपली भाषा, आपली घरं समजतात. ‘सासूबाई काय म्हणतील’ याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुढे तिने वकील गाठून एकटीने अर्ज केला. तिलाही माझ्यासारखंच मुदत वाढल्याचं पत्र आलं. आता ती दुसऱ्या गावात पाळणाघरात काम करते. निकाल यायचा आहे, पण तोवर तिला इथून कुणी हलवू शकत नाही. अर्ज नाकारला गेला तरी इमिग्रेशन न्यायाधीशापुढे दाद मागता येते.

म्हणून काकांना माझ्यातर्फे हे सांगा. मुलगा ‘अमेरिकेत असतो’ एवढ्यावर थांबू नका. तो नागरिक आहे, ग्रीन कार्डवाला आहे की एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे, हे स्पष्ट विचारा. नागरिक असेल तर माझ्यासारखंच होईल. ग्रीन कार्डवाला असेल तर रांगेत थांबावं लागेल. एच-वन-बीवर असेल तर ती एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर येईल, आणि त्याची गोष्टच निराळी. तिथे तिचं राहणं त्याच्या नोकरीला बांधलेलं असतं. तिला नोकरी करायची असेल तर त्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत पोचलेली लागते, आणि ही सवलतसुद्धा २०१५ पासूनची. चांगली शिकलेली मुलगी आहे ती. इथे येऊन वर्षानुवर्षं घरी बसावं लागणार असेल तर ते तिला आधी कळू दे, मग तिचं ती ठरवेल.

काकूंनाही एक काम सांग, आई. विवाह नोंदणीच्या दाखल्याची जादा प्रत माहेरी ठेवायची. पासपोर्टची सगळी पानं, व्हिसा, इथे आल्यावर कार्ड, या सगळ्याचे फोटो तिने स्वतःच्या ईमेलवर आणि काकांच्या फोनवर ठेवायचे. बँकेच्या खात्यात तिचं नाव पहिल्या महिन्यापासून असू दे. हे अविश्वासाने करायचं नाही, बाबा. आमच्याकडे तुमच्या जावयानेच पहिल्या आठवड्यात मला बँकेत नेलं होतं आणि माझे कागद माझ्या हातात दिले होते. चांगल्या घरात हे सहज होतं. आणि मुलीने कधी फोन करून काही सांगितलंच, तर ‘कार्ड होईपर्यंत थांब’ हे वाक्य त्यांच्या तोंडून येऊ नये. एवढंच मागणं आहे माझं.

आई, नागरिकत्वाचं तू विचारलंस. नवरा नागरिक असेल आणि त्याच्यासोबतच राहत असू, तर तीन वर्षांनी अर्ज करता येतो, आणि सशर्त कार्डाची दोन वर्षंही त्यात धरतात. आम्ही अजून काही ठरवलेलं नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे इथला पासपोर्ट घेतला तर भारताचा परत करावा लागेल आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, काढावं लागेल. ते मला आजही जड वाटतं. बाबा, शेताची चिंता करू नका. ओसीआयवाल्यांना शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते. सातबाऱ्यावर माझं नाव लागायचं ते लागेल. आणि तुम्हा दोघांना इथे कायमचं आणायचं तर ते नागरिक झाल्यावरच जमतं, ग्रीन कार्डवर नाही. त्यावर मी आताच काही म्हणत नाही. तुमची सकाळची फिरायला जायची मंडळी सोडून तुम्ही इथे रमणार नाही, हे मला ठाऊक आहे.

बाबा, डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख गणपतीच्या आसपासच घ्या, मी असेन तोवर. महिनाभर राहता येईल. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर नागरिकत्वाच्या हिशेबात अडचण येते, पण महिन्याने काही बिघडत नाही.

काकांना किंवा त्यांच्या मुलीला माझ्याशी बोलायचं असेल तर तुमच्या सकाळी साडेसहाला करू दे, तेव्हा आमचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि मी मोकळी असते. ती एकटीच बोलली तर जास्त बरं, तिचे प्रश्न तिला मोकळेपणाने विचारता येतील.

तुमची लेक